तुझ्या खुलाशातलं एक खोटं वाक्य

सुजाता,

तू गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला तुझ्या संस्थेचे विभागप्रमुख आले होते. त्रिसरण झालं, मग त्यांना बोलायला उभं केलं. ते म्हणाले, "त्यांच्या हातून एक चूक झाली. पण ती त्यांनी प्रांजळपणे कबूल केली. असा प्रामाणिकपणा आज दुर्मीळ आहे." लोकांनी माना डोलावल्या. पहिल्या रांगेत पांढऱ्या साडीत तुझी हिराआत्या बसली होती. तिने मान डोलावली नाही.

मी मागे कनातीला टेकून उभा होतो. चूक तुझी नव्हती, हे त्या मंडपात फक्त मला ठाऊक होतं. तू कबूल केलेली चूक हे तुझ्या हातचं एकमेव खोटं विधान. माझ्या एका जुन्या बातमीतल्या 'सिद्ध झाले' या दोन शब्दांवरून तू माझ्याशी आठवडाभर बोलली नव्हतीस. आणि तुला निरोप देताना लोकांनी कौतुक केलं ते नेमकं त्या खोट्या वाक्याचं.

म्हणून हे लिहितो आहे. तुझं शिक्षण, पदं, सन्मान हे सगळं इतरांनी छापून आणलं आहे. तापाचं निमित्त होऊन तू गेलीस, हेही त्यात आहे. मला त्यात भर घालायची नाही.

तुझं काम काय, ते तू मला पहिल्यांदा रेवदंड्याच्या बंदरावर समजावलंस. सुकत घातलेल्या बोंबलांच्या वासात, हातात वडापाव घेऊन. शिवलीच्या कल्ल्यात धातूचे कण जातात का, हे तुला बघायचं होतं. मुंबईत तिसऱ्या म्हणतात त्याच या शिवल्या. धातूचे कण म्हणजे केसाच्या जाडीचे हजार तुकडे केले तरी त्यातला एकेक तुकडा ज्यांच्याहून मोठा भरेल, इतके बारीक. नॅनोकण.

"साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाहीत?"

"नाही. आणि कल्ला कापून, वाळवून बघितला तर कण मुळात कुठे होता ते कळत नाही. मला तो जिवंत कल्ल्यात, जागच्या जागी बघायचाय."

"कसा?"

"क्ष-किरणांनी. देवळाला प्रदक्षिणा घालताना दर पावलाला देऊळ वेगळं दिसतं, बरोबर? तशा सगळ्या बाजूंनी सावल्या टिपायच्या आणि त्या जुळवून आतलं देऊळ उभं करायचं, गाभाऱ्यापर्यंत. फक्त इथे आपण फिरायचं नाही. देवळाने फिरायचं."

"आणि धातू?"

"धातू किरण अडवतो. मांस जाऊ देतं. म्हणून तो उठून दिसतो. किरण जरा कमीजास्त करून पुन्हा बघितलं की कुठला धातू तेही कळतं." मग तू वडापावचा कागद चुरगळून माझ्या खिशात कोंबलास. "छापशील तेव्हा देऊळ छापू नकोस. माझे साहेब हसतील."

अडचण होती ती जिवंतपणाची. जिवंत कल्ला स्वस्थ बसत नाही आणि तीव्र किरणांत फार काळ जिवंतही राहत नाही. कल्ल्याची पट्टी खारं पाणी भरलेल्या बारीक नळीत ठेवायची, ती मरायच्या आत चित्रं उरकायची. त्यासाठी लागणारं मोठं यंत्र परराज्यात होतं. तिथला वेळ मागून, रांग लावून मिळायचा. तू शिवल्यांचा डबा मांडीवर घेऊन रेल्वेने जायचीस. एकदा शेजारच्या बाईंनी विचारलं, काय आहे डब्यात? तू म्हणालीस, पाहुणे आहेत, पोहोचेपर्यंत जगवायचे आहेत.

एकदा तू मला तुझ्या खोलीतल्या साध्या सूक्ष्मदर्शकातून शिवलीचा कल्ला दाखवलास. त्यावरचे बारीक केस एका लयीत हलत होते आणि वाळूचा एक कण हळूहळू कडेकडे ढकलत नेत होते. भाताच्या शेतावरून वारा जावा तसं. मी कितीतरी वेळ डोळा लावून बसलो. तू घाई केली नाहीस. बातमीदाराला कुणी घाई न करता काही दाखवतं, असं फारसं होत नाही. त्या दिवसाबद्दल मी तुझा ऋणी आहे. हे तुला सांगायचं राहिलं.

रेवदंड्याच्या खाडीतल्या शिवल्या तू आत्याकडून मागवल्यास. आत्या खाडीच्या पलीकडच्या वाडीत राहते. तुझी आई लवकर गेल्यावर तिनेच तुला वाढवलं. भाताचं थोडं शेत, आणि ओहोटीला बायकांबरोबर खाडीत उतरून शिवल्या काढायच्या, पाटीत भरून अलिबागच्या बाजारात न्यायच्या, यावर तिने तुझं शिक्षण केलं. तुलनेसाठी लागणाऱ्या शिवल्या तू स्वतः काशीदच्या बाजूला एका ओढ्याच्या मुखाशी काढल्यास. त्या तू तिथल्या तिथे, तिथल्याच पाण्यासह प्लास्टिकच्या डब्यात भरल्यास.

काशीदच्या शिवल्या स्वच्छ निघाल्या. आत्याच्या शिवल्यांच्या कल्ल्यात ठिपकेच ठिपके होते. तांबं, जस्त आणि थोडं कथील. तू लॅपटॉप घेऊन वाडीत आलीस. ते चित्र तू गोल फिरवलंस तेव्हा आत्या तोंडाला पदर लावून बघत होती.

"ही माझी शिवली? ही तं चौपाटीवरची लायटिंग वाटतेय गं."

"ते तांबं आहे, आत्या. बोटींच्या बुडाला शेवाळ धरू नये म्हणून रंग लावतात ना, त्यातलं असावं."

"मंग रंग लावनाऱ्यान्ला सांग. मला काय दावतेस?"

तिन्ही धातू बोटीच्या रंगात बसत होते. खाडीत जेटी आहे, मालवाहू बार्ज येतात जातात. तुझा शोधनिबंध प्रसिद्ध झाला, मी बातमी दिली. तू मला 'असण्याची शक्यता' हे शब्द दोनदा घालायला लावलेस. ते दोन्ही वेळा छापून आले, आणि कुणी वाचले नाहीत. अलिबागला गिऱ्हाईक शिवल्यांच्या पाट्यांसमोर थांबेना. वाडीतल्या बायका आत्याला पाणवठ्यावर ऐकवू लागल्या, "तुज्या भाचीनं शिकून आमच्याच पोटावर पाय दिला." आत्या त्यांना म्हणायची, "माजी पोर दिसलं तेच सांगते. तुमी पन बगा जाऊन." हे मला वाडीतल्याच एकीने सांगितलं. तुला कधी कळलं की नाही, माहीत नाही.

त्यानंतर आत्याने आपल्या दोघांना जेवायला बोलावलं. आपण पोहोचलो तेव्हा ती चुलीपाशी होती. कोपऱ्यात पितळी टोपात मिठाच्या पाण्यात शिवल्या होत्या. तू सहज टोपात डोकावलीस.

"या कधी ठेवल्यास?"

"काल सांजच्याला. रेती थुकू दे ना सगली. रेतीसकट खाशील?"

हे इथल्या प्रत्येक घरात करतात. माझी आईही करायची. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. पण तू तिथेच उकिडवी बसलीस.

"आत्या, मला डबा भरून दिला होतास, तेव्हा?"

"तवा काय?"

"तेव्हाही रात्रभर ठेवल्या होत्यास?"

"मंग? तुज्या सायेबलोकांकडं जायच्या व्हत्या. रेतीच्या शिवल्या धाडून माजं नाव खराब करू?"

तू पाण्यात हात घालून शिवल्या बाजूला सारल्यास. बुडाची कल्हई जागोजाग गेली होती आणि आतलं पितळ पिवळंधमक दिसत होतं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. कल्हई म्हणजे कथील.  मला कळायला थोडा वेळ लागला.

"कल्हई कधी केलीस याला?"

"कल्हईवाला हाय कुठं आता? कवातरी येतो. आला तवा मी खाडीत."

तू आत्याला म्हणालीस की या शिवल्या तुला टोपासकट हव्यात, कामाला. आत्या खूश झाली. आणखी देऊ का म्हणाली. त्या दुपारी आपण सुकटीवर जेवलो.

परतताना जेटीपाशी तू गाडी थांबवलीस. मागच्या सीटवर टोप होता, वर्तमानपत्राने झाकलेला. आपलं भांडण तिथे झालं आणि ते अजून संपलेलं नाही.

"सोपं आहे," मी म्हणालो. "जे झालं ते लिही."

"नाही."

"का नाही? तुझं काम यात खोटं पडत नाही. उलट खरं ठरतं. कण कल्ल्यात होतेच. एका रात्रीत जिवंत कल्ल्यात शिरले आणि तू ते जागच्या जागी पकडलेस. कुठून आले, एवढंच चुकलं. मुद्दाम ठरवूनही इतका चांगला प्रयोग जमला नसता."

"मला कळत नाही असं वाटतं तुला?"

"मग?"

तू समोरच्या पाण्याकडे बघत म्हणालीस, "आतोबांना जाऊन वर्ष झालेलं नाही. लिव्हर गेलं त्यांचं. जन्मभर त्याच टोपातलं जेवले. या टोपातून तांबं सुटतं असं मी छापलं, तर ती रात्रंदिवस काय विचार करेल?"

"आतोबा दारूने गेले. अख्ख्या वाडीला माहीत आहे."

"ती कावीळ म्हणते."

"लोकांना म्हणते."

"स्वतःला काय म्हणते ते तुला काय माहीत? तू बातमीदार आहेस. त्या घरातला नाहीस."

 तू गाडी सुरू केलीस आणि म्हणालीस, "आणि हे छापायचं नाही." आमच्या धंद्यात या वाक्याला वजन आहे. ते मी तुझ्या हयातीत पाळलं.

टोप तू संस्थेत तपासून घेतलास. त्यातून सुटणारे धातू आणि चित्रातले ठिपके जुळले. आत्याला तू स्टीलचा मोठा टोप आणून दिलास आणि जुना कामात खराब झाला असं सांगितलंस. तिच्या आईचा होता तो. ती थोडी कुरकुरली, मग नव्यात रांधू लागली. इथवर तू केलंस ते बरोबर होतं, असं आजही मला वाटतं. माझा राग पुढच्या गोष्टीवर आहे.

तू निबंध मागे घेतलास आणि खुलाशात लिहिलंस, 'प्रयोगशाळेत नमुने हाताळताना माझ्याकडून झालेल्या निष्काळजीपणामुळे बाहेरील धातू नमुन्यांत मिसळला.' हे वाक्य तू मला फोनवर वाचून दाखवलंस. तुझा आवाज सपाट होता. मी म्हणालो, "नमुने गोळा करताना, एवढं तरी लिही. कुणाचं नाव नको."

"गोळा कुणी केले असं विचारतील."

"विचारू देत."

"तू बातमी दे. नाहीतर दुसरा कुणी देईल." तू फोन ठेवलास.

बातमी दिली. शेवटी 'असे त्यांनी म्हटले आहे' लिहिलं. या शब्दांच्या आडोशाला बातमीदार उभा राहतो, म्हणजे त्याच्या अंगावर पाणी उडत नाही.

पाणी तुझ्या अंगावर आलं. प्रयोगशाळेतच धातू मिसळला म्हटल्यावर तुझी कुठलीच चित्रं भरवशाची राहिली नाहीत. काशीदची स्वच्छ चित्रंही नाहीत. जिवंत कल्ला नळीत फिरवून आतला कण शोधायची तुझी रीत, जी तुला जमली होती, ती तुझ्याच शब्दांनी तू मोडीत काढलीस. मोठ्या यंत्रावर वेळ मागितलास तर उत्तर आलं की आधी प्रयोगशाळेची शिस्त सुधारा. पुन्हा मागितलास, तर उत्तरच आलं नाही. तुला नव्या शिवल्या हव्या होत्या, स्वतः काढलेल्या, सरळ खाडीतून डब्यात. ते अखेरपर्यंत झालं नाही.

दुसरीकडे तुझ्या खुलाशाचं प्रमाणपत्र झालं. अलिबागला शिवल्यांना पुन्हा गिऱ्हाईक आलं. जेटीच्या विस्ताराच्या सुनावणीत जेटीवाल्यांपैकी एकाने तो वाचून दाखवला आणि खाडी निर्धोक आहे असं सांगितलं. मी तिथे होतो. तू हे कुठेही म्हटलं नव्हतंस. मी तुला फोन केला. तू म्हणालीस, "मी 'माहीत नाही' म्हटलंय. ते 'काही नाही' असं वाचतायत."

"तू 'माहीत नाही' असंही म्हटलेलं नाहीस. 'निष्काळजीपणा' म्हटलंयस."

"तुला नेहमीच शेवटचा शब्द हवा असतो."

आपलं शेवटचं सविस्तर बोलणं ते. पुढे वाढदिवसाचे निरोप, एखादी बातमी पाठवणं, एवढंच. तुझ्या तापाचं कळलं तेव्हा साधा आहे असंच सगळे म्हणत होते.

तर कार्यक्रम संपला. विभागप्रमुखांची गाडी गेली, मंडपवाला कनाती सोडू लागला. ज्याचं नाव छापायचं त्याला आधी विचारायचं, हे मला पहिल्या नोकरीत शिकवलं होतं. मी आत्याशी बोलायला तिच्या घराच्या ओट्यावर गेलो. सुरुवात कशी करावी याचा विचार करत होतो. तिनेच केली.

"बस रे. तो सायेब काय म्हनला? कसली चूक?"

"शिवल्यांच्या कामातली, आत्या."

"माजी पोर चुकनारी न्हाय. मीठ टाकताना पन चिमूट बगून टाकायची. तुला म्हायत हाय. सांग मला."

मी सांगितलं. मिठाचं पाणी, टोप, कल्हई, ठिपके. 

"म्हंजी ते तांबं मी घातलेलं."

"टोपातून गेलं."

"टोप काय चालत गेला व्हता? मीच ठेवल्या ना त्यात." ती थांबली. "आनि तिनं सोतावर घेतलं. का?"

आतोबांचं मी शक्य तितक्या कमी शब्दांत सांगितलं. आत्या हसली. ते हसणं ऐकवत नव्हतं.

"त्याचं लिवर बाटलीनं खाल्लं. बंदरावरनं हाताला धरून कोन आनायचा त्याला? मीच ना? कावीळ लोकान्ला सांगायची व्हती रे. मेलेल्या मानसाची किती काढायची म्हून. ती मला काय सांगायची?"

"तिला वाटलं तुम्हाला त्रास होईल."

"एकदा इचारायचं व्हतं. एकदा. मी गेले असते त्या सायेबाकडं. टोप माजा, शिवल्या मी ठेवल्या, हिची चूक न्हाय, बोलले असते. मला काय कोन फाशी देनार व्हता?" तिचा आवाज चढला. मंडपवाल्याने वळून पाहिलं. "पान्यात उभी राहून मोठी केली तिला मी. आनि तिनं मला इतकी लेचीपेची समजली?"

हा प्रश्न तुला होता, सुजाता. उत्तर द्यायला तू नव्हतीस. तुझ्या जागी मी होतो, आणि मला तुझी बाजू घेता आली नाही. तू एका माणसाला जपण्यासाठी तुझं काम बुडवलंस. त्या माणसाला जपून घ्यायची गरज नव्हती. तिला राग आला आहे तो तू तिला विचारलं नाहीस याचा. आणि तो राग आता ती कुणावर काढणार?

थोड्या वेळाने मी विचारलं, "आत्या, हे लिहिलं तर चालेल?"

"लिव. माजं नाव घालून लिव. टोपाचं पन लिव." मग तिने विचारलं, "मंग खाडीत तांबं हाय का न्हाय?"

"माहीत नाही, आत्या."

"तिला पन म्हायत नव्हतं?"

"नाही. तिला पुन्हा बघायचं होतं."

"आता कोन बगनार?"

तुझ्या विभागप्रमुखांना गाडीत बसताना मी हेच विचारलं होतं. ते काम बंद केलं आहे, असं ते म्हणाले होते. मी आत्याला तसंच सांगितलं. ती उठून आत गेली, पांढरी साडी बदलून जुनं लुगडं नेसून, पाटी घेऊन बाहेर आली. ओहोटी लागली होती. उतारावर बायका तिची वाट बघत थांबल्या होत्या. दुसऱ्या दिवशी अलिबागचा बाजार होता.

खाडीतल्या शिवल्यांत धातूचे कण आहेत की नाहीत, हे आज कुणालाही माहीत नाही. एवढं एक वाक्य तुझ्या नावाने छापायला मी केव्हाही तयार होतो.